काचबिंदू : एका थेंबावर टिकलेली दृष्टी

मोतीबिंदू आणि काचबिंदू ही नावे जुळ्या भावंडांसारखी असल्याने त्यांची गल्लत घरोघरी होते. 'डोळ्यात बिंदू झाला आहे, पिकला की काढून टाकू' असे ज्येष्ठ मंडळी सहज म्हणून जातात. मोतीबिंदूच्या बाबतीत हे बोलणे एक वेळ चालून जाईल, कारण गढूळ झालेले भिंग काढून तेथे कृत्रिम भिंग बसविले की दिसू लागते. काचबिंदूचे तसे नाही. त्याने नेलेली दृष्टी कोणत्याही औषधाने वा शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. जी उरली आहे ती जपणे एवढेच रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्या हाती असते. बहुसंख्य रुग्णांसाठी हे जपण्याचे साधन म्हणजे मुठीत मावेल एवढी औषधाची एक छोटी बाटली.

ही बाटली डॉक्टर लिहून देतात, औषधविक्रेता ती कागदी पिशवीत घालून हाती ठेवतो आणि रुग्ण घरी जातो. तिच्यातील थेंब डोळ्यात नेमका कसा सोडायचा, सोडल्यावर काय करायचे आणि त्यामुळे शरीरात अन्यत्र काय घडू शकते, हे मात्र पुष्कळदा कुणी सांगत नाही आणि रुग्णही विचारत नाही. 'डोळ्यात थेंब घालायला काय शिकायचे?' असा सर्वसाधारण समज असतो. हा समज किती महागात पडतो, हे समजून घेण्यासाठी आधी या विकाराचे स्वरूप पाहायला हवे.

दाबाचे गणित

डोळ्याच्या पुढील भागात पाण्यासारखा एक स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. बाहेर वाहणाऱ्या अश्रूंशी त्याचा संबंध नाही. हा द्रव भिंगाला आणि पारपटलाला पोषण देतो आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या जाळीदार वाटेने निघून जातो. तयार होणे आणि निघून जाणे यांचा मेळ बसला की डोळ्यातील दाब पाऱ्याच्या साधारण १० ते २१ मिलिमीटर एवढा राहतो. निचऱ्याची वाट अरुंद झाली किंवा तुंबली की दाब वाढतो. डोळ्याकडून मेंदूकडे दृश्य संदेश नेणाऱ्या मज्जारज्जूत सुमारे १० ते १२ लाख सूक्ष्म तंतू असतात. वाढलेल्या दाबाखाली ते एकेक करून मरू लागतात. काही व्यक्तींमध्ये दाब या मर्यादेच्या आत असूनही तंतूंची हानी होते. म्हणूनच केवळ दाबाचा आकडा पाहून निदान करता येत नाही. मज्जारज्जूची तपासणी आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी यांचीही जोड लागते.

ही हानी बहुधा दृष्टीच्या कडेकडून सुरू होते. समोरचे अक्षर स्पष्ट दिसते, वर्तमानपत्र वाचता येते, दूरचित्रवाणी पाहता येते. त्यामुळे रुग्णाला काही बिघडल्याची शंकाही येत नाही. एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो. बाजूने येणारी रिक्षा दिसली नाही, जिना उतरताना शेवटची पायरी चुकली, अशा लहानसहान प्रसंगांचा दोष वयावर ढकलला जातो. भारतात वयाची चाळिशी ओलांडलेल्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१०मध्ये तज्ज्ञांनी मांडला होता. दक्षिण भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये आढळलेल्या रुग्णांपैकी दहातील नऊ वा त्याहून अधिक जणांना आपल्याला हा विकार आहे, हे ठाऊकच नव्हते.

यावर आज हाती असलेला सिद्ध उपाय एकच, तो म्हणजे डोळ्यातील दाब उतरविणे. ज्यांचा दाब वाढलेला आहे, पण हानी अद्याप सुरू झालेली नाही, अशा व्यक्तींवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, तर थेंब वापरणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४.४ टक्के होते. म्हणजे थेंबांमुळे धोका निम्म्याहून कमी झाला. मात्र हे यश थेंब डोळ्यात पडले तरच मिळते.

त्रास नाही, म्हणून औषध नाही

डोके दुखले तर माणूस गोळी आठवणीने घेतो. काचबिंदूत काही दुखत नाही आणि थेंब घातल्याने अधिक चांगले दिसू लागते, असेही घडत नाही. उलट थेंबाने डोळा चुरचुरतो, लाल होतो. त्रास देणारे औषध आणि त्रास न देणारा आजार, असा हा उफराटा व्यवहार आहे. साहजिकच औषध सुटते. आधी एखाद्या रात्री, मग गावी गेल्यावर आठवडाभर, पुढे बाटली संपल्यावर 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणून.

रुग्ण याबाबत खोटे बोलतात असे नाही. त्यांना स्वतःलाच त्याचा अंदाज नसतो. १९८६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पिलोकार्पिन वापरणाऱ्या रुग्णांच्या बाटल्यांना वापराची नोंद ठेवणारे यंत्र बसविले होते. आपण ९७ टक्के वेळा औषध घातले, असे रुग्णांनी सांगितले. यंत्रातील नोंदी ७६ टक्क्यांच्या होत्या. शिवाय तपासणीचा दिवस जवळ आला की बरेच जण नियमित होतात. त्यामुळे दवाखान्यात मोजलेला दाब उत्तम येतो, मधल्या काळात तो वाढलेला असतो आणि दृष्टिक्षेत्र मात्र घटत जाते. अशा वेळी औषध पुरेसे नाही, असे समजून डॉक्टर दुसरे औषध वाढवितात. म्हणूनच किती वेळा खाडा झाला, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगणे रुग्णाच्याच हिताचे असते.

थेंब घालण्याची रीत

औषध नियमित घेणाऱ्यांचाही थेंब अनेकदा गालावर ओघळतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील नेत्रतज्ज्ञांनी रुग्णांना प्रत्यक्ष थेंब घालायला सांगून त्यांचे तंत्र तपासले. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत बहुतेकांची रीत कोठे ना कोठे चुकत असल्याचे आढळले. कुणाच्या बाटलीचे टोक डोळ्याला लागत होते, कुणाचे दोन-तीन थेंब वाया जात होते, तर कुणी डोळे मिटून घेण्याची पायरीच गाळत होते. वर्षानुवर्षे औषध घेणारेही याला अपवाद नसतात.

योग्य रीत अवघड नाही. प्रथम हात साबणाने स्वच्छ धुवावेत. बाटलीवरील नाव आणि मुदत वाचावी. बाटली हलवून घेण्याची सूचना असेल तर ती हलवावी. ब्रिंझोलामाइडसारखी औषधे पाण्यात कणरूपाने असतात आणि न हलविल्यास त्यांची मात्रा कमी-जास्त होते. मान मागे करून वर पाहावे किंवा सरळ उताणे निजावे. एका बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढावी, म्हणजे डोळा आणि पापणी यांच्यामध्ये एक लहानसा खोलगट कप्पा तयार होतो. थेंब सोडायचा तो या कप्प्यात, थेट बुबुळावर नव्हे. बाटली डोळ्यापासून बोटभर अंतरावर उभी धरावी आणि एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला, केसांना किंवा बोटाला लागता कामा नये. ते लागल्यास जंतू आत शिरतात आणि पुढचा प्रत्येक थेंब त्यांना डोळ्यात नेतो.

एकच थेंब का, याचे उत्तर साध्या मोजमापात आहे. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्याच्या कप्प्यात अश्रूंसह जेमतेम ३० मायक्रोलिटर द्रव मावतो. म्हणजे पहिलाच थेंब डोळ्याला पुरून उरतो. दुसरा थेंब घातल्याने परिणाम दुप्पट होत नाही. तो गालावर येतो किंवा नाकात उतरतो. आत पडला की नाही अशी खरोखर शंका असेल, तरच दुसरा थेंब घालावा. यात पैशाचाही प्रश्न आहे. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एक थेंब या हिशेबाने महिन्याला ६० थेंब लागतात. अडीच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ८० थेंब निघतात. प्रत्येक वेळी दोन थेंब सोडणाऱ्याची बाटली विसाव्या दिवशीच रिकामी होते आणि उरलेले दहा दिवस डोळा औषधाविना राहतो.

हात थरथरत असल्यास बाटली धरलेला हात कपाळावर किंवा दुसऱ्या हातावर टेकवावा. संधिवातामुळे बाटली दाबणे जमत नसेल तर बाटली धरून ठेवणारी साधी साधने मिळतात. त्यांविषयी डॉक्टरांकडे चौकशी करावी. डोळा उघडा ठेवणे जमतच नसेल, तर उताणे निजून, डोळे मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब सोडावा आणि मग डोळ्यांची उघडझाप करावी, म्हणजे तो आत उतरतो. थेंब पडल्याचे जाणवत नसेल तर बाटली थोडा वेळ शीतकपाटात ठेवावी. गार थेंब लगेच कळतो. घरातील कुणी थेंब घालून देत असेल तर त्यानेही ही रीत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवावी. सर्वांत चांगले म्हणजे रुग्णाने पुढच्या तपासणीला बाटली सोबत न्यावी आणि 'मी घालतो ते बरोबर आहे का, पाहा' असे म्हणावे.

डोळे मिटा, कोपरा दाबा

थेंब पडल्यावर बहुतेक जण डोळ्यांची जोरजोरात उघडझाप करतात. औषध सर्वत्र पसरावे, हा त्यांचा हेतू. घडते ते उलट. प्रत्येक उघडझापीबरोबर औषध डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील सूक्ष्म छिद्रांतून अश्रुनलिकेत आणि तेथून नाकात ओढले जाते. थेंबानंतर घशाला कडवट चव येते ती यामुळेच. नाकाच्या अस्तरातून औषध थेट रक्तात मिसळते. तोंडाने घेतलेल्या गोळीवर यकृताची प्रक्रिया आधी होते, तशी ती येथे होत नाही. त्यामुळे वरवर क्षुल्लक वाटणारा थेंब हृदयापर्यंत आणि फुफ्फुसांपर्यंत पोहोचू शकतो.

हे टाळण्याचा उपाय बिनखर्ची आहे. थेंब पडताच डोळे हलकेच मिटावेत, आवळू नयेत. डोळा आणि नाक यांच्यामधल्या कोपऱ्यावर तर्जनीने मंद दाब द्यावा आणि दोन ते तीन मिनिटे तसेच बसावे. या साध्या कृतीने औषधाचे रक्तातील शोषण ६० टक्क्यांहून अधिक घटू शकते, असे १९८४मधील एका अभ्यासात दिसून आले. शिवाय औषध डोळ्यात अधिक काळ टिकते. पापण्यांवर आणि गालावर ओघळलेले औषध स्वच्छ रुमालाने किंवा कापसाने टिपून घ्यावे.

एकाहून अधिक औषधे असल्यास दोन थेंबांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, अन्यथा दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. जेल वा मलम असेल तर ते सर्वांत शेवटी घालावे. अनेक थेंबांमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असते. मऊ काँटॅक्ट लेन्स ते शोषून घेतात. म्हणून थेंब घालण्यापूर्वी लेन्स काढाव्यात आणि पंधरा मिनिटांनंतर पुन्हा लावाव्यात.

कोणत्या औषधाचा कोणता त्रास?

काचबिंदूचे सर्व थेंब सारखे नसतात. आपल्या बाटलीतील औषध कोणत्या गटातले आहे, एवढे रुग्णाला माहीत असायलाच हवे.

प्रोस्टाग्लँडिन गट : लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट ही या गटातील नावे. हे थेंब बहुधा रात्री एकदाच घालायचे असतात. निचरा वाढवून ते दाब साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करतात, म्हणून पुष्कळदा पहिली निवड त्यांचीच असते. 'दोनदा घातले तर अधिक बरे' हा हिशेब येथे चालत नाही. अधिक वेळा घातल्यास परिणाम उलट घटू शकतो. डोळ्यांना लाली येणे, पापण्यांचे केस लांब व दाट होणे, डोळ्यांभोवतीची त्वचा काळवंडणे, दीर्घकाळाने डोळे किंचित खोल गेल्यासारखे दिसणे हे त्यांचे परिणाम. एकाच डोळ्यात औषध असेल तर दोन डोळ्यांतील फरक नजरेत भरतो. बुबुळाचा रंगही गडद होऊ शकतो आणि तो बदल कायम राहतो, मात्र आपल्याकडील काळ्याभोर डोळ्यांत तो सहसा लक्षात येत नाही.

बीटा ब्लॉकर गट : टिमोलॉल हे यातील सर्वपरिचित औषध अमेरिकेत १९७८पासून वापरात आहे. ते तुलनेने स्वस्त आणि परिणामकारक आहे, पण सर्वाधिक सावधगिरीही याच औषधाबाबत हवी. दमा किंवा फुफ्फुसांचा जुना विकार असलेल्यांना यामुळे श्वास कोंडल्याचा गंभीर झटका येऊ शकतो. नाडी मंदावणे, चक्कर येणे, थकवा, उदासपणा, लैंगिक दुर्बलता हेही त्रास संभवतात. हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबासाठी त्याच जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवे. मधुमेही रुग्णांमध्ये साखर अचानक उतरल्याची छातीतील धडधड, हाताला कंप ही लक्षणे या औषधाने झाकली जाऊ शकतात. संयुक्त थेंबांच्या अनेक बाटल्यांमध्ये दुसऱ्या औषधासोबत टिमोलॉल असते, हे ध्यानात ठेवून लेबल वाचावे.

अल्फा अ‍ॅगोनिस्ट गट : ब्रिमोनिडिनमुळे तोंडाला कोरड पडते आणि झोपाळूपणा येतो. वाहन चालविणाऱ्यांनी त्याची दखल घ्यावी. काहींना काही महिन्यांनी वा वर्षांनी त्याची अ‍ॅलर्जी होऊन डोळे लाल होतात आणि खाजू लागतात. दोन वर्षांखालील बालकांना हे औषध कधीही देऊ नये. त्यांचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. आजोबांची बाटली नातवंडांच्या हाती लागणार नाही, याची काळजी म्हणूनच घ्यायची.

कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज रोधक : डॉर्झोलामाइड आणि ब्रिंझोलामाइड हे थेंब द्रवाची निर्मिती कमी करतात. चुरचुर, क्षणभर अंधूक दिसणे आणि तोंडात कडू वा धातूसारखी चव हे त्यांचे नेहमीचे त्रास. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास तसे आधीच सांगावे. याच जातीची अ‍ॅसिटाझोलामाइड ही गोळी दाब फार वाढल्यास दिली जाते. तिने हातापायांना मुंग्या येतात, पोटॅशियम घटू शकते आणि मूतखड्याचा धोका वाढतो, त्यामुळे ती स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये.

जुने आणि नवे : पिलोकार्पिन हे दीडशे वर्षांच्या आसपास वापरात असलेले औषध आज कमी दिले जाते. त्याने बाहुली आकुंचित होते, भुवई दुखते आणि रात्री अंधारल्यासारखे वाटते. दुसऱ्या टोकाला रिपासुडिल आणि नेटारसुडिल ही गेल्या दशकातील औषधे आहेत. पहिल्याला जपानमध्ये २०१४मध्ये आणि दुसऱ्याला अमेरिकेत २०१७मध्ये मान्यता मिळाली. डोळ्यांना येणारी लाली हा त्यांचा प्रमुख त्रास.

ही यादी घाबरून औषध सोडण्यासाठी नाही. बहुतेकांना यातील थोडाच त्रास होतो आणि त्यावर पर्याय असतात. लाली परिरक्षकामुळे असेल तर परिरक्षकविरहित थेंब देता येतात, एक गट सोसत नसेल तर दुसरा वापरता येतो, दोन बाटल्यांऐवजी संयुक्त बाटली चालू शकते. यांतील निवड डॉक्टरांनी करायची आणि ती करता यावी म्हणून त्रास त्यांना सांगायचा. त्रास झाला म्हणून परस्पर औषध बंद करणे हा मात्र सर्वांत घातक मार्ग आहे. श्वास लागणे, नाडी फार मंद होणे किंवा भोवळ येणे अशी लक्षणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि वापरात असलेली बाटली सोबत न्यावी.

शेजारच्या बाटलीचा धोका

डोळे लाल झाले, खाजले की औषधाच्या दुकानातून एखादे थेंब आणून घालण्याची सवय शहरांतही सर्रास आढळते. अशा पुष्कळ थेंबांत स्टिरॉइड असते. त्याने लाली चटकन ओसरते, म्हणून तीच बाटली पुन्हा पुन्हा आणली जाते. मात्र काही व्यक्तींमध्ये स्टिरॉइडमुळे डोळ्यातील दाब वाढतो आणि महिनोन्‌महिने वापर चालू राहिल्यास काचबिंदू जडतो. अ‍ॅलर्जीने वारंवार डोळे चोळणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा धोका विशेष असतो. ज्यांना आधीच काचबिंदू आहे, त्यांनी डोळ्यातील थेंबच नव्हे, तर स्टिरॉइडचे मलम, नाकातील फवारा, दम्याचा पंप किंवा गोळ्या सुरू असल्याचेही नेत्रतज्ज्ञांना सांगावे. या गोष्टी बंद करायच्या नसतात, त्यांची नोंद ठेवून दाब अधिक वेळा तपासायचा असतो. मध, गुलाबपाणी, तूप यांसारखे घरगुती प्रयोगही डोळ्यात करू नयेत.

योगासने करणाऱ्यांसाठी एक सूचना येथे आवश्यक आहे. शीर्षासनात डोळ्यातील दाब सुमारे दुप्पट होतो, असे भारतीय नेत्रतज्ज्ञांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले. काचबिंदूच्या रुग्णांनी डोके खाली करण्याची आसने टाळावीत. चालण्याचा व्यायाम मात्र अवश्य करावा.

बाटलीची निगा

लॅटानोप्रॉस्टची न उघडलेली बाटली बहुधा २ ते ८ अंश सेल्सियसला, म्हणजे शीतकपाटात ठेवावी लागते. काही नव्या प्रकारांना त्याची गरज नसते, म्हणून वेष्टनावरील सूचना वाचाव्यात. औषधे गोठणकप्प्यात कधीही ठेवू नयेत. एप्रिल-मेच्या उन्हात मोटारीत राहिलेली बाटली वापरण्याजोगी राहिली असे गृहीत धरू नये. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहावी आणि साधारण महिनाभराने, थोडे औषध उरले असले तरी, ती टाकून द्यावी. वेष्टनावर वेगळी मुदत छापली असल्यास ती पाळावी.

घरात कानाचे थेंब, चामखिळीचे औषध आणि चिकटद्रव्य यांच्याही बाटल्या अशाच दिसतात. डोळ्यांची औषधे त्यांच्यापासून वेगळ्या डब्यात ठेवावीत. झाकणाच्या रंगावर विसंबू नये. कंपनी बदलली की रंगही बदलू शकतो. औषधविक्रेत्याने दुसऱ्या नावाची बाटली दिली तर तिच्यातील मूळ औषध आणि त्याचे प्रमाण तेच आहे का, याची खात्री करावी. औषधाचा खर्च झेपत नसेल तर ते सांगण्यात संकोच नको. अनेक थेंब जेनेरिक नावाने कमी किमतीत मिळतात. आठवड्यातून चार दिवसच घातलेल्या महागड्या थेंबापेक्षा रोज घातलेला स्वस्त थेंब डोळ्याला अधिक उपकारक ठरतो.

सवय कशी लागावी?

थेंबाची वेळ रोजच्या एखाद्या न चुकणाऱ्या कामाला बांधून टाकणे, हा सर्वांत सोपा उपाय. सकाळचे थेंब दात घासल्यावर, रात्रीचे झोपण्यापूर्वीच्या बातम्या संपल्यावर. भ्रमणध्वनीवरील गजर आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरील खूण यांचाही उपयोग होतो. प्रवासात बाटली मोठ्या सामानात न टाकता हातपिशवीत ठेवावी आणि वारी, लग्नकार्य वा परगावचा मुक्काम असल्यास एक जादा बाटली बरोबर घ्यावी. उपवासाच्या दिवशीही थेंब चुकवू नये. त्यासाठी अन्नाची गरज नसते. वेळ चुकलीच तर आठवण येताच थेंब घालावा. पुढच्या थेंबाची वेळ जवळ आली असेल तर मात्र चुकलेला थेंब सोडून द्यावा. भरपाई म्हणून दोन थेंब घालू नयेत.

तपासणीच्या दिवशीही, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, थेंब नेहमीप्रमाणे घालूनच जावे. इतर आजारासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यास किंवा शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांनी विचारल्यास औषधांच्या यादीत डोळ्यांच्या थेंबांचाही उल्लेख करावा. अनेकांना ते 'औषध' वाटतच नाही आणि नेमके तेच सांगायचे राहून जाते. गर्भवती आणि स्तनदा मातांनी तसेच गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रियांनी थेंबांविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे.

थेंबांना पर्याय आहे का?

काही रुग्णांसाठी आहे. निचऱ्याच्या जाळीवर लेसरकिरण सोडून दाब उतरविता येतो. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात सुरुवातीलाच असा लेसर उपचार घेतलेल्या सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. मात्र प्रत्येक प्रकारच्या काचबिंदूला तो लागू पडत नाही आणि त्याचा परिणाम कालांतराने ओसरू शकतो. थेंब व लेसर दोन्ही अपुरे पडल्यास निचऱ्याची नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया करावी लागते. कोणताही मार्ग पत्करला तरी तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.

काचबिंदूचा एक प्रकार मात्र अचानक हल्ला करतो. निचऱ्याचा कोन एकाएकी बंद पडून डोळ्यात तीव्र वेदना सुरू होते, डोळा लाल होतो, दिव्यांभोवती रंगीत वलये दिसतात, नजर अंधूक होते आणि मळमळून उलट्या होतात. पित्त झाले समजून यात वेळ दवडू नये. काही तासांतच दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून तत्काळ नेत्ररुग्णालय गाठावे. ज्यांचा हा कोन मुळात अरुंद आहे, त्यांच्यात सर्दीच्या काही गोळ्यांनीही असा झटका येऊ शकतो.

अखेरची गोष्ट कुटुंबाची. आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर इतरांना तो होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. ज्या घरात शीतकपाटाच्या दारात काचबिंदूची बाटली ठेवलेली आहे, त्या घरातील चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने आपले डोळे तपासून घ्यावेत; केवळ चष्म्याचा नंबर काढून थांबू नये. आणि ज्याच्यासाठी ती बाटली आहे, त्याला रात्री झोपण्यापूर्वी 'थेंब घातला का?' एवढे विचारावे. थेंब घालून, डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा दाबून बसण्याची ती तीन मिनिटे, रोज न चुकता. त्यांच्या बदल्यात नातवंडांचे चेहरे, देवासमोरचा दिवा आणि सकाळच्या वर्तमानपत्राची अक्षरे आणखी कित्येक वर्षे दिसत राहतात.